भाव वाढला नाही, हाही निष्कर्षच

नाशिकच्या एका महाविद्यालयात एम.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या सत्रात शिकणाऱ्या मुलीचं पत्र आलं आहे. निफाड आणि चांदवड तालुक्यांतल्या 60 कांदा उत्पादकांच्या घरी जाऊन तिने प्रश्नावल्या भरून घेतल्या. ज्याच्याकडे स्वतःची कांदाचाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड आहे, त्याला उन्हाळ (उन्हाळ्यात निघणाऱ्या) कांद्याचा जास्त भाव मिळतो, हे तिचं गृहीतक. 13 जणांना विक्रीच्या तारखा आणि वजनं नीट सांगता आली नाहीत. उरलेल्या 47 जणांच्या माहितीतून गृहीतक सिद्ध होत नाही. अहवाल जमा करायला पाच आठवडे उरले आहेत. सर म्हणतात, 'आधी फॉरमॅटमध्ये आणून दे, मग बघतो.' 80 पानांच्या आतला अहवाल परत येतो, असं वर्गात सगळे सांगतात. एका सीनियरने स्वतःचा जुना अहवाल नमुना म्हणून दिला आहे आणि सल्लाही: न जुळणारे चार-पाच शेतकरी गाळून टाक, गृहीतक बसेल. कॉलेजजवळचा डीटीपीवाला 'सगळं सेट करून देतो' म्हणतो आहे. ती विचारते: 'ताई, अहवालाचा नेमका साचा कोणता? आणि निकालच आला नाही तर लिहायचं काय?'

तुझा दुसरा प्रश्न मी आधी घेते, कारण तो सुटला की साच्याचा प्रश्न बराचसा आपोआप सुटेल.

निकाल आला नाही, असं तुला का वाटतं? तू 47 जणांना विचारलंस आणि उत्तर मिळालं की नुसती चाळ असल्याने जास्त भाव मिळतोच असं नाही. हा निकालच आहे. गृहीतक म्हणजे तपासायला घेतलेलं विधान. ते खरं ठरवून दाखवायची जबाबदारी तुझ्यावर कोणी टाकलेली नाही. तपासणी नीट झाली की नाही, एवढंच परीक्षक बघतात. आणि तुझ्या पत्राच्या शेवटी तू सहज लिहून गेली आहेस की चाळ असलेल्या बऱ्याच जणांनी जूनच्या आतच कांदा काढून विकला, कारण सोसायटीचं कर्ज होतं, कुणाच्या घरी लग्न होतं, कुणाचा दवाखाना होता. अगं, तुझ्या अहवालाचा गाभा या दोन ओळींत आहे. साठवायला जागा असणं आणि थांबायला पैसा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तू स्वतः ओट्यावर बसून ऐकून आलीस आणि पत्रात मात्र ते ताजा कलम म्हणून घातलंस.

आता 'भाव' या मोजमापाकडे बघ. तू क्विंटलमागे मिळालेला दर घेतला आहेस. पण चाळीत कांदा महिनोन्‌महिने पडून राहिला की वजनात घट येते, काही सडतो, पावसाळी हवेत कोंब फुटतात. समजा, एकाने एप्रिलमध्ये 100 क्विंटल कांदा चाळीत भरला आणि सप्टेंबरमध्ये विकण्याजोगा 75 क्विंटलच निघाला. एप्रिलमध्ये 1,500 रुपयांचा दर असेल, तर तेव्हा विकून दीड लाख आले असते. सप्टेंबरमध्ये तेच दीड लाख हातात यायला 2,000 रुपये दर लागेल. म्हणजे दर एक तृतीयांशाने वाढला तरी पदरात जास्तीचं काहीच नाही, आणि त्यात निवडणीची मजुरी, वाहतूक अजून धरलेली नाही. हे आकडे मी फक्त समजावण्यासाठी घेतले आहेत. पण तुझ्याकडे भरलेलं वजन आणि विकलेलं वजन दोन्ही आहेत. त्यातून साठवलेल्या प्रत्येक क्विंटलमागे प्रत्यक्षात किती रुपये आले, हा रकाना काढ. कदाचित गृहीतक तसंच खोटं ठरेल, कदाचित चित्र वेगळं दिसेल. काहीही निघालं तरी दर आणि पदरात पडलेली रक्कम असे दोन्ही तक्ते अहवालात दे. सोयीचा ठेवून गैरसोयीचा लपवू नकोस.

याच कारणाने सीनियरचा गाळायचा सल्ला मी तुला देणार नाही, कितीही आपुलकीने दिलेला असला तरी. ते चार-पाच शेतकरी गृहीतकाला जुळत नाहीत, पण ते आहेत. एखादी प्रश्नावली वगळायची असेल तर त्यामागचा नियम निकाल बघण्याआधी ठरलेला हवा आणि अहवालात लिहिलेला हवा. तारखा किंवा वजनं अपूर्ण, म्हणून 13 प्रश्नावल्या भावाच्या विश्लेषणातून बाजूला ठेवल्या, हा असा नियम आहे आणि तो पूर्णपणे मान्य होण्यासारखा आहे. मात्र ते 13 जण कोण होते, तेही एका परिच्छेदात सांग. त्यांत बहुतेक अल्पभूधारक असतील, किंवा बहुतेक चांदवडचे असतील, तर तुझे 47 सगळ्यांचं चित्र दाखवत नाहीत. ते तू स्वतःच लिहिलंस तर तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक ते काढून दाखवणार नाहीत.

आणखी एक गोष्ट तपासायला सांगते. तू 2023 आणि 2024 अशा दोन उन्हाळ हंगामांचे भाव विचारले आहेस आणि त्यांची सरासरी काढते आहेस. 19 ऑगस्ट 2023 ला केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं. त्यानंतर लासलगावसह आपल्या जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले होते, ते तुझ्या शेतकऱ्यांना चांगलं आठवत असेल. 8 डिसेंबरला निर्यातबंदीच आली, ती मे 2024 मध्ये उठली. म्हणजे 2023 मध्ये ज्याने ऑगस्टपर्यंत थांबायचं ठरवलं, त्याचा निर्णय चुकला की धोरण मध्येच बदललं, हे सरासरीतून कळणारच नाही. दोन्ही हंगाम वेगळे दाखव. बाजार समितीचे रोजचे दर सरकारच्या बाजारभावांच्या संकेतस्थळावर, म्हणजे अ‍ॅगमार्कनेटवर मिळतात; शेतकऱ्याने सांगितलेल्या तारखेचा त्या दिवशीचा सरासरी दर त्याच्या शेजारच्या रकान्यात मांडलास तर आठवणीतल्या आकड्यांची पडताळणीही होईल.

आता साचा. वाचणाऱ्याच्या मनात जे प्रश्न ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने प्रकरणं लागतात. काय शोधायचं होतं? आधी कोणी काय शोधलं आहे? तू कसं शोधलंस? काय सापडलं? त्याचा अर्थ काय? म्हणूनच प्रस्तावना, पूर्वसाहित्याचा आढावा, संशोधन पद्धती, माहितीचं विश्लेषण, निष्कर्ष आणि शिफारशी अशी पाच प्रकरणं सामाजिक शास्त्रांच्या अहवालात रूढ झाली. विज्ञान शाखेत पूर्वसाहित्य बहुधा प्रस्तावनेतच येतं आणि प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती, चर्चा असे चार भाग राहतात. पुढे संदर्भसूची, मग परिशिष्टं. पहिल्या प्रकरणाच्या आधी मुखपृष्ठ, मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र, तुझं प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, गोषवारा, अनुक्रमणिका, तक्त्यांची आणि आकृत्यांची सूची. तुझ्या विभागाच्या परिपत्रकात क्रम थोडा वेगळा दिला असेल तर तोच पाळ. परिपत्रक हाती नसेल तर आधी ते मिळव. विभागाच्या कार्यालयात मागितलं की देतात. 80 पानांचा नियम त्यात खरंच आहे का, तेही एकदा डोळ्यांनी बघ. वर्गातल्या ऐकीव नियमांवर मुलं फार झिजतात.

क्रम पाठ करण्याने मात्र अहवाल उभा राहत नाही. तुझं शीर्षक आहे 'नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्यांचा अभ्यास'. यात बियाण्यापासून निर्यातीपर्यंत सगळं येतं आणि तू मात्र दोन तालुक्यांत एकच गोष्ट विचारलीस: चाळीतला कांदा कधी विकायचा हे कसं ठरतं आणि त्यातून काय मिळतं. नोंदवलेलं शीर्षक बदलता येत असेल तर सरांना विचारून बदल. येत नसेल तर प्रस्तावनेतल्या 'अभ्यासाची व्याप्ती' या भागात हा एक प्रश्न साध्या वाक्यात लिही, आणि पुढचं प्रत्येक पान त्या वाक्याशेजारी धरून बघ. ज्या पानाचा त्याच्याशी संबंध लागत नाही ते काढायचं.

या कसोटीवर सर्वांत आधी 'नाशिक जिल्ह्याची ओळख' हे प्रकरण पडेल. सीनियरच्या अहवालात ते 14 पानांचं आहे म्हणतेस, आणि त्यात पंचवटी, रामकुंड, त्र्यंबकेश्वर, कुंभमेळा असं सगळं आहे. आपल्या गावाचा अभिमान मलाही आहे, पण कांद्याच्या साठवणुकीशी रामकुंडाचा काय संबंध? तुला हवी आहेत ती दोन-तीन पानं वेगळी आहेत: निफाडला गोदावरीच्या कालव्यांचं पाणी आहे, चांदवडचा बराच भाग अवर्षणाचा, लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत या दोन्ही मोठ्या बाजार समित्या निफाड तालुक्यातच, त्यामुळे वाहतुकीचं अंतर गावागणिक बदलतं, उन्हाळ कांदा टिकतो, खरिपाचा लाल कांदा तसा टिकत नाही, म्हणून चाळीचा प्रश्न उन्हाळ कांद्यापुरताच येतो. एवढं लिहिलंस की नाशिकबाहेरच्या परीक्षकालाही पुढचे तक्ते समजतील.

पूर्वसाहित्याच्या आढाव्यात बहुतेक मुलं 'अमुक यांनी अमुक साली असं म्हटलं' असे परिच्छेद एकाखाली एक रचतात. तसं नको. साठवणुकीतल्या नुकसानीवर काय माहीत आहे, शेतकरी विक्रीची वेळ कशी ठरवतो यावर काय माहीत आहे, असे दोन गट कर आणि शेवटी एका परिच्छेदात सांग की यातलं काय अजून पुरेसं बघितलं गेलेलं नाही. पहिल्या गटासाठी राजगुरूनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय आणि तुझ्या जवळच चितेगाव फाट्यावरचं राष्ट्रीय बागवानी संशोधन आणि विकास प्रतिष्ठान (एनएचआरडीएफ), या दोघांची प्रकाशनं बघ. दुसऱ्यासाठी शोधगंगा या संकेतस्थळावर पीएच.डी.चे प्रबंध चाळता येतील, मराठीतलेही. फक्त त्यांच्या जाडीवरून स्वतःच्या अहवालाची जाडी ठरवू नकोस. आणि एआयकडून संदर्भ मागितले असशील तर प्रत्येक लेख खरोखर आहे का ते शोधून, उघडून, वाचूनच ठेव. अस्तित्वात नसलेले लेख अगदी खऱ्यासारखे त्यात येतात, आणि असा एक जरी संदर्भ सापडला तरी तुझ्या खऱ्या 47 मुलाखतींवरही शंका घेतली जाते.

संशोधन पद्धतीच्या प्रकरणावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन, आणि सगळे जण तेच दीड पानात उरकतात. 'प्राथमिक व दुय्यम स्रोतांचा वापर केला' एवढ्याने काही कळत नाही. गावं कशी निवडलीस? ओळखीची होती म्हणून निवडली असतील तर तसंच लिही. सोयीनुसार नमुना निवडणं विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात चालतं, पण त्याला यादृच्छिक म्हणणं चालत नाही. शेतकरी कसे गाठलेस? कोणत्या महिन्यात? प्रश्न तू वाचून दाखवलेस की त्यांनी स्वतः भरले? वजन पावतीवरून घेतलंस की आठवणीने? हे सगळं फक्त तुला माहीत आहे, कुठल्याही जुन्या अहवालातून उचलता येणार नाही. आणि महिन्याभरात तुझ्याही डोक्यातून ते निसटायला लागेल, म्हणून हे प्रकरण आजच लिहायला घे.

विश्लेषणाच्या प्रकरणात एक सवय मोडायची आहे. आधी तक्ता, खाली त्याच आकड्यांचा त्रिमितीय पाय चार्ट, त्याखाली तेच आकडे वाक्यांत: 'वरील तक्त्यावरून असे दिसून येते की...' एकच गोष्ट तीनदा. पानं वाढतात, पण वाचणाऱ्याला तिसऱ्यांदा काहीच नवं मिळत नाही. तक्ता किंवा आलेख, दोन्हींतलं एक ठेव, आणि खालच्या परिच्छेदात आकड्यांचा अर्थ लिही. तुझाच एक तक्ता घेते. 'स्वतःची चाळ नसलेले: 38.297 टक्के' असं आहे. एकूण माणसंच 47, म्हणजे एक माणूस इकडचा तिकडे झाला तर दोन टक्क्यांचा फरक पडतो. मग दशांशानंतरचे तीन अंक काय सांगणार? '47 पैकी 18 (38 टक्के)' असं लिही. खालचं वाक्य मात्र आकडा सोडून पुढे जाऊ दे: या 18 जणांपैकी किती जणांनी भाड्याने किंवा भावकीच्या चाळीत कांदा ठेवला, किती जणांनी थेट शेतातूनच बाजार गाठला. प्रत्येक तक्त्याला क्रमांक आणि शीर्षक वर, आकृतीचं शीर्षक खाली, आणि तक्त्याखाली स्रोत. 13 जण काही तक्त्यांत आहेत आणि काहींत नाहीत, म्हणून प्रत्येक तक्त्यात एकूण संख्या न विसरता दे.

शिफारशी थोड्या लिही आणि तुझ्या माहितीतून निघतील तेवढ्याच लिही. 'शासनाने हमीभाव द्यावा' हे तुझ्या प्रश्नावलीतून निघत नाही. कर्जफेडीच्या तारखेमुळे लोक लवकर विकतात असं तुला दिसलं असेल, तर साठवलेल्या मालावरच्या तारण कर्जाबद्दल बोलायचा तुला पूर्ण अधिकार आहे.

सीनियरच्या अहवालाबद्दल. तो क्रम आणि मांडणी बघायला वापर, मजकूर घ्यायला नाही. यूजीसीच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या 2018 च्या नियमावलीत पदव्युत्तर प्रबंधही येतात. 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. 10 ते 40 टक्के साम्य निघालं तर सुधारून पुन्हा द्यायला लावतात, 40 ते 60 टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रतही देता येत नाही, आणि 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. अवतरणचिन्हांत श्रेय देऊन घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची यात धरत नाहीत, त्यामुळे रीतसर उद्धृत करायला घाबरू नकोस.

आता डीटीपीवाल्याकडे वळू. टायपिंगची मदत घ्यायला हरकत नाही, पण आधी विचार की मजकूर युनिकोडमध्ये देणार का. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फाँटमध्ये दिला तर दुसऱ्या संगणकावर नुसती निरर्थक अक्षरं दिसतात, शोध चालत नाही, साम्य तपासणीही नीट होत नाही. मंगल, कोकिळा किंवा नोटो चालेल. परिपत्रकात काही वेगळं नसेल तर ए-फोर कागद, बाइंडिंगसाठी डावीकडे दीड इंच समास, बाकी तिन्ही बाजूंना एक इंच, ओळींमधलं अंतर दीडपट. देवनागरीत वरच्या-खालच्या मात्रांना जागा लागते, म्हणून अंतर याहून कमी करू नकोस. प्रारंभिक पानांना लहान रोमन अंक, प्रस्तावनेपासून 1. वर्डमध्ये प्रकरणांच्या शीर्षकांना 'हेडिंग 1' आणि उपशीर्षकांना 'हेडिंग 2' लावून ठेव. मग अनुक्रमणिका आपोआप तयार होते आणि शेवटच्या रात्री पान क्रमांक हाताने बदलत बसावं लागत नाही. संदर्भ लिहिण्याची एकच पद्धत धर. सामाजिक शास्त्रांत एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची पद्धत) बरीच चालते, पण विभागाने दुसरी सांगितली असेल तर ती. मराठी संदर्भ आधी, इंग्रजी नंतर, हे दोन गट ठेवले तर सूची वाचायला सोपी जाते.

परिशिष्टात कोरी प्रश्नावली जोडायची, भरलेल्या प्रश्नावल्या नाहीत. शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर आणि कर्जाच्या रकमा असलेली यादी जोडायची पद्धत काही ठिकाणी दिसते. कृपा करून तसं करू नकोस. ज्याने तुला घरातलं कर्ज सांगितलं त्याने ते ग्रंथालयाच्या कपाटात ठेवायला सांगितलेलं नाही. नि-07, चां-12 असे सांकेतिक क्रमांक दे, मूळ यादी स्वतःकडे ठेव, सरांनी मागितली तर दाखव. फोटो छापायचे असतील तर आधी विचारून.

पाच आठवडे पुरतील, फक्त लिहिण्याचा क्रम वाचण्याच्या क्रमापेक्षा वेगळा ठेव. पहिल्या आठवड्यात संशोधन पद्धती आणि सगळे तक्ते. दुसऱ्यात विश्लेषणाचा मजकूर. तिसऱ्यात पूर्वसाहित्याचा आढावा, कारण आता तुला कोणते संदर्भ खरंच लागतात ते कळलेलं असेल. चौथ्यात निष्कर्ष आणि प्रस्तावना. गोषवारा सगळ्यात शेवटी, एका पानात. पाचवा आठवडा सरांच्या दुरुस्त्या, छपाई आणि बाइंडिंगला मोकळा ठेव.

राहिले सर. 'फॉरमॅटमध्ये आणून दे' हे वाक्य तुला टोलवल्यासारखं वाटलं, हे पत्रातून कळतं. पण मार्गदर्शकासमोर सुट्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा ठेवला तर त्यांनी तरी कुठे बोट ठेवायचं? या आठवड्यात त्यांच्याकडे दोन कागद घेऊन जा. एकावर तुझा एक प्रश्न आणि पाच प्रकरणांत काय येणार त्याच्या दोन-दोन ओळी. दुसऱ्यावर एकच तक्ता: चाळ असलेले आणि नसलेले, 2023 आणि 2024 वेगवेगळे, दर आणि प्रत्यक्षात पदरात पडलेली रक्कम. आणि त्यांना सरळ विचार: 'सर, गृहीतक सिद्ध होत नाही, पण कारण दिसतंय. अशी मांडणी केली तर चालेल का?'